ब्लेझिंग स्टार ओळखायचाय? तुरा सोडा, गोंड्याखालचे खवले बघा

शिकागोच्या आसपास नव्याने राहायला आलेल्या आपल्या मंडळींना पहिली एकदोन वर्षं प्रेअरी (इथली गवताळ मैदानं) म्हणजे नुसतं वाढलेलं गवत वाटतं. मलाही वाटायचं, हे लोक एवढं गवत कापत का नाहीत असं बायकोला विचारलेलं आठवतंय. मग जुलै अर्धा सरला की त्याच गवतातून कमरेएवढे, कधी छातीएवढे जांभळे तुरे वर येतात, त्यावर फुलपाखरांची झुंबड उडते, आणि माणूस गाडी बाजूला घेऊन फोटो काढायला उतरतो. तो तुरा म्हणजे ब्लेझिंग स्टार. शास्त्रीय नाव लायाट्रिस.

मी दोन वर्षं दिसेल त्या जांभळ्या तुऱ्याला ‘लायाट्रिस स्पायकाटा’ म्हणत होतो, कारण सर्च केलं की तेच नाव सगळ्यात वर येतं. मग एका ऑक्टोबरात व्हॉलंटिअर म्हणून बिया गोळा करायला गेलो, दोन तास राबून पिशवी भरली आणि ऐटीत नेऊन दिली. तिथल्या एका सत्तरीच्या बाईंनी पिशवीत हात घातला आणि विचारलं, यात किती प्रकार आहेत? म्हटलं एकच, लायाट्रिस. त्यांनी शांतपणे तीन वेगवेगळी वाळकी कणसं काढून टेबलावर ठेवली. एक ओलसर जागी पेरायचं, एक कोरड्या वाळूत, आणि मी सगळ्याची भेळ केलेली. त्या दिवशी त्यांनी जे दहा मिनिटांत शिकवलं ते, आणि नंतर स्वतः चुका करून जे कळलं ते, इथे लिहितोय. बॉटनीची डिग्री लागत नाही, माझी पण नाहीये, दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणारा माणूस आहे मी.

आधी पसारा केवढा आहे ते बघू. लायाट्रिसच्या साधारण 40 जाती आहेत आणि जवळपास सगळ्या उत्तर अमेरिकेतल्या. घाबरू नका, इलिनॉय, विस्कॉन्सिन, इंडियाना, मिनेसोटा या पट्ट्यात फिरणाऱ्याला सहासात जाती नीट कळल्या तरी पुष्कळ. आणि त्यातल्याही चारच वारंवार भेटतात.

निघण्याआधी

सामान फार नाही. 10 पटीचं एक छोटं भिंग (हे खरंच घ्या, मोबाइलच्या झूमने काम भागत नाही), छोटी पट्टी, आणि जवळून फोकस होणारा फोन. फुल पँट आणि पॅंटचे पाय मोज्यात खोचलेले, कारण गोचीड. दिसायला बावळट दिसतं पण लाइम डिसीज झालेला माणूस एकदा भेटला की आपोआप खोचता. वाइल्ड पार्सनिप नावाचं पिवळ्या छत्र्यांचं झाड दिसलं तर त्याला हात लावू नका, त्याचा चीक लागून वर ऊन पडलं की कातडी भाजल्यासारखी होते.

आणि फूल तोडायचं नाही. संरक्षित प्रेअरीत ते बेकायदा आहेच, शिवाय गरजही नाही, गुडघ्यावर बसून बघितलं की सगळं दिसतं. ही झाडं जमिनीतल्या गड्ड्यातून (घनकंदातून) दरवर्षी वर येतात, त्यामुळे पायवाट सोडून तुडवत जाऊ नका. त्या खोडाकंदात ब्लेझिंग स्टारवरच जगणाऱ्या एका दुर्मीळ पतंगाची अळी पण राहात असू शकते.

कधी जायचं? माझ्या मते ऑगस्टचा मधला आठवडा. तेव्हा लवकर फुलणारे अजून टिकून असतात आणि उशिराचे सुरू होत असतात, म्हणजे एकाच फेरीत तीनचार जाती शेजारी शेजारी ठेवून बघितल्यासारखं होतं. एकेकटी जात बघून शिकणं फार अवघड, तुलना करायला मिळाली की डोकं लगेच चालतं.

पहिली पायरी: हे लायाट्रिसच आहे ना

हसू नका, इथेच अर्धे लोक घसरतात. पाणथळ जागी लांबून अगदी तसाच जांभळा दिसणारा पर्पल लूजस्ट्राइफ असतो, युरोपातून आलेला आणि इथल्या दलदलींचा कब्जा केलेला. शिवाय व्हर्वेन आहे. फरक सोपा आहे. बहुतेक तुरे खालून वर फुलत जातात. लायाट्रिस उलटा, वरून खाली. शेंडा फुललाय आणि खाली अजून कळ्या आहेत असं दिसलं की नव्वद टक्के काम झालं. (फुलवाल्यांना हा म्हणून आवडतो, वरचा भाग सुकला की तेवढा छाटून टाकायचा, खालचा पुढे फुलत राहतो. बुकेत जो जांभळा दांडा असतो तो बहुतेक वेळा स्पायकाटाच.)

मग एक गोंडा जवळून बघा. ही झेंडू, शेवंती, सूर्यफुलाच्या कुटुंबातली झाडं, म्हणजे ज्याला आपण एक फूल म्हणतो तो खरं तर बारक्या फुलांचा गुच्छ असतो. सूर्यफुलाला बाहेरून पाकळ्यांसारख्या दिसणाऱ्या फुलांची झालर असते, लायाट्रिसला ती अजिबात नसते, नुसती पाच टोकांची नळीसारखी फुलं, आणि प्रत्येक नळीतून बाहेर आलेले दोन लांब दोरे. तुरा जो पिसासारखा, फिस्कारलेला दिसतो तो या दोऱ्यांमुळे. कोकणातल्या, गोव्यातल्या लोकांना हे ओळखीचं वाटेल, कारण बांधावर माजणारी रानमोडी याच जवळच्या गोतावळ्यातली, तिच्या गोंड्यातून पण असेच दोरे बाहेर आलेले असतात. ओसाडीसुद्धा त्याच घरातली. रानमोडी मूळची अमेरिका खंडातलीच, आपल्याकडे येऊन तण झाली. इथे तिची चुलत भावंडं वाचवायला लोक सुट्टीच्या दिवशी राबतात, गंमतच आहे.

पानं बघून घ्या, बारीक, लांब, गवतासारखी, खोडाभोवती दाटीने, खाली लांब आणि वर जाता जाता आखूड. लूजस्ट्राइफची पानं समोरासमोर जोडीने येतात, याची तशी नाहीत. आणि एक, ‘ब्लेझिंग स्टार’ या नुसत्या नावावर विसंबू नका, कॅलिफोर्नियाकडे मेंट्झेलिया नावाच्या पिवळ्या फुलांच्या वेगळ्याच झाडांनाही हेच म्हणतात. त्यामुळे लायाट्रिस हा शब्द पाठ करा, एकदा जीभ वळली की सोपा आहे.

दुसरी पायरी: आपण उभे कुठे आहोत

फुलाकडे बघायच्या आधी बुटांकडे बघा. बूट ओले होतायत का, वाळू लागतेय, की चुनखडीचे खडे. मिशिगन लेकच्या काठाला, इलिनॉय-विस्कॉन्सिनच्या हद्दीवर चिवॉकी प्रेअरी आहे, तिथे हे सगळ्यात मस्त कळतं. जुन्या किनाऱ्यांचे वाळूचे बुटके उंचवटे आणि मधे ओलसर खोलगट पट्टे, एकाआड एक, असे समांतर चाललेत. उंचवट्यावर कोरडं आवडणारा लायाट्रिस अ‍ॅस्पेरा, चार पावलं उतरलं की ओल्यात स्पायकाटा. उंचीचा फरक माणसाएवढा पण नसतो.

साधारण हिशोब असा: पाय ओले होत असतील तर स्पायकाटा किंवा पिक्नोस्टाकिया, कोरडी वाळू असेल तर अ‍ॅस्पेरा, खडकाळ किंवा चुनखडीचा कोरडा माळ असेल तर सिलिंड्रेसिया, आणि पश्चिमेला कोरड्या मैदानांकडे सरकलात, म्हणजे डकोटा, नेब्रास्का वगैरे, तर पंक्टाटा. पण हा नुसता अंदाज, पुरावा नाही. कारण आज बघायला मिळणारी बरीच प्रेअरी माणसांनी परत पेरलेली आहे. इलिनॉयमध्ये एकेकाळी सुमारे 2 कोटी 20 लाख एकर प्रेअरी होती आणि त्यातली मूळची, चांगल्या अवस्थेतली उरली ती जेमतेम अडीच हजार एकरांच्या आसपास, बाकी मका आणि सोयाबीन. लाइलच्या मॉर्टन आर्बोरेटममधली शुलेनबर्ग प्रेअरी 1962 पासून अशी हाताने उभी केलेली आहे. फ्रँकलिन ग्रोव्हजवळचं नाचुसा ग्रासलँड्स, जिथे 2014 मध्ये बायसन आणून सोडले, तिथेही मूळच्या तुकड्यांच्या मधलं बरंचसं पेरलेलं. बी मिसळून टाकलं की झाड कधी कधी भलत्याच जागी उगवतं. माझ्या पिशवीची भेळ कुणी तशीच पेरली असती तर काय झालं असतं बघा.

तिसरी पायरी: दहा फुटांवरून आकार

आता उभं राहून नुसता आकार बघा. गोंडे एकमेकांना चिकटून दाट कणीस झालंय, अगदी बाजरीच्या कणसासारखं, मधला दांडा दिसतच नाही? की गोंडे सुटे सुटे, दांड्यावर बटणं टाकल्यासारखे? माझी आई साताऱ्याहून आली होती तेव्हा तिला अ‍ॅस्पेरा दाखवला, ती म्हणाली, हे तर लोकरीचे गोंडे ओवलेत की काठीला. त्याच्यापेक्षा चांगलं वर्णन मला कुठे वाचायला मिळालेलं नाही.

दाट कणीस म्हणजे स्पायकाटा किंवा पिक्नोस्टाकिया. (पंक्टाटाचं पण दाट असतं, पण तो बुटका आणि कोरड्यात.) सुटे गोंडे म्हणजे अ‍ॅस्पेरा, लिग्युलिस्टायलिस, स्कॅरिओसा किंवा सिलिंड्रेसिया. झालं, यादी अर्धी झाली. रंग बघून काही ठरवू नका, सगळे गुलाबी-जांभळेच आणि कुठल्याही जातीत अधूनमधून पांढरं झाड निघतं. उंचीवरही फार भरवसा नको, गेल्या वर्षी पाऊस कसा होता, हरणांनी शेंडा खाल्ला का, जमीन जाळली होती का (देखभालीसाठी प्रेअरी मुद्दाम जाळतात), यावर ती बदलते.

चौथी पायरी: खवले. इथेच सगळा खेळ आहे

आता बसा खाली. बसाच. गोंड्याच्या जांभळ्या भागाकडे बघायचं नाही, त्याच्या खाली जी हिरवी-लालसर वाटी असते ती बघायची. ती वाटी माशाच्या खवल्यांसारख्या छोट्या छोट्या पापुद्र्यांनी बनलेली असते, पुस्तकी मराठीत यांना छदं म्हणतात, मी खवलेच म्हणतो. प्रत्येक खवल्याचं टोक कसं आहे आणि ते वाटीला चिकटलंय की बाहेर वळलंय, एवढे दोन प्रश्न विचारायचे. मधल्या ओळींतले खवले बघा, अगदी तळाचे फसवतात.

दाट कणसांपासून सुरू करू. स्पायकाटाचे खवले गुळगुळीत, टोकाला गोलसर, आणि वाटीला घट्ट चिकटून बसलेले, कौलं कशी एकावर एक बसतात तसे. बऱ्याचदा जांभळट झाक असते. पिक्नोस्टाकियाचे खवले टोकदार आणि ती टोकं बाहेर, मागे वळलेली, त्यामुळे न फुललेलं कणीस सुद्धा खडबडीत, अननसाच्या सालीसारखं दिसतं. भिंगातून बघितलं तर त्याच्या खवल्यांवर लव पण दिसेल. दोन्ही जातींची कणसं दाट, दोघांना ओल चालते, दोघं जुलैतच सुरू होतात, आणि लोकं नेमकी यांच्यातच गल्लत करतात, मी पण दोन वर्षं पिक्नोस्टाकियालाच स्पायकाटा म्हणत होतो. तुमचं बोट खालून वर कणसावरून हलकेच फिरवा, स्पायकाटा गुळगुळीत लागतो आणि पिक्नोस्टाकियाची टोकं बोटाला अडकतात. खोड पण सांगतं, स्पायकाटाचं बहुतेक वेळा तुळतुळीत, पिक्नोस्टाकियाचं वरच्या भागात केसाळ. पण एकट्या खोडावरून निकाल देऊ नका, अपवाद भेटतात.

आता सुटे गोंडे. अ‍ॅस्पेराचे खवले एकदा बघितले की विसरत नाही. गोल, रुंद, आणि भाजताना पापड जसा जागोजागी फुगतो तसे फुगीर, खळगे पडलेले, कडेला पातळ कागदासारखी पट्टी, ती चुरगळलेली, दातेरी, अनेकदा गुलाबीसर. कांद्याची साल चुरगळून चिकटवल्यासारखी. गोंडे दांड्याला जवळजवळ बिनदेठाचे चिकटलेले किंवा अगदी छोट्या देठावर.

लिग्युलिस्टायलिसचे खवले पण गोल आणि कागदी कडांचे, कडा फाटक्या, आणि रंग गडद लाल-जांभळा, पण ते फुगीर नसतात, सपाट असतात. फोटोवरून हा फरक कळायला जड जातं, प्रत्यक्षात बाजूने उजेड पडला की अ‍ॅस्पेराच्या खवल्यावर सावली पडते आणि याच्यावर नाही. इलिनॉयच्या रानात तुम्हाला हा दिसला असं वाटलं तर दोनदा विचार करा, तो खरा विस्कॉन्सिन, मिनेसोटा, डकोटा, कॅनडातला मॅनिटोबा इकडचा. शिकागोच्या बागांत मात्र मुद्दाम लावतात आणि त्याचं कारण मोनार्क फुलपाखरं. ऑगस्टमध्ये मोनार्कची मेक्सिकोला जाणारी पिढी तयार होत असते, मिचोआकानच्या डोंगरांपर्यंत जायचं तर इंधन पाहिजे, आणि या झाडावर ती अशी तुटून पडतात की शेजारच्या फुलांकडे ढुंकून बघत नाहीत. आमच्याकडे एका दांड्यावर सात मोजलीत मुलीने. त्यामुळे मोनार्क हा पण एक क्लू समजा, फक्त लिहून ठेवण्याइतका भक्कम नाही.

सिलिंड्रेसिया नावाप्रमाणेच, गोंडा गोल नाही तर उभट नळकांड्यासारखा, अत्तराची कुपी असते तसा. झाड बुटकं, गुडघ्याच्या वर क्वचित जातं, आणि गोंडे मोजकेच. खवले चिकटलेले, बिनकेसाचे, आणि प्रत्येकाचं टोक गोल जाता जाता अचानक एक बारीक अणी काढतं. हे अचानक टोक येणं महत्त्वाचं. लांबून हा नॅपवीड नावाच्या तणासारखा वाटतो, पण नॅपवीडच्या खवल्यांना काळपट झालर असते आणि पानं कापलेली असतात, गवतासारखी नाहीत. दक्षिणेकडे, मिझुरीच्या बाजूला गेलात तर स्क्वॅरोसा भेटेल, तोही मोजक्या लांबट गोंड्यांचा, पण खवले ताठ, टोकदार आणि बाहेर पसरलेले, हातात घेतलं तर टोचेल असं वाटतं. सिलिंड्रेसिया मिटलेला आणि स्क्वॅरोसा पिंजारलेला, एवढं लक्षात ठेवा.

स्कॅरिओसा राहिला. त्याची इकडची उपजात इलिनॉयमध्ये धोक्यातल्या झाडांच्या यादीत आहे, विरळ झाडीच्या कडेला मिळते. खवले चिकटलेले, अ‍ॅस्पेरासारखे फुगीर नाहीत, कागदी कड अरुंद, गोंड्यांना स्पष्ट देठ, आणि खालची पानं बाकीच्यांपेक्षा रुंद. ही दिसली असं वाटलं तर नेमकी जागा सोशल मीडियावर टाकू नका, त्या जागेची देखभाल करणाऱ्यांना कळवा. हिची दुसरी एक उपजात न्यू इंग्लंडमध्ये आहे, मेन राज्यातल्या केनेबंक प्लेन्सवर तिची जगातली सगळ्यात मोठी वस्ती आहे. बॉस्टनकडची मराठी मंडळी ऑगस्टअखेरीस एक शनिवार काढू शकतात, अख्खा माळ जांभळा होतो.

पाचवी पायरी: देठ आणि शेंड्याचा गोंडा

ही छोटीच आहे पण अ‍ॅस्पेरा आणि लिग्युलिस्टायलिसच्या भांडणात हीच कामाला येते. लिग्युलिस्टायलिसचे गोंडे लांब देठांवर दांड्यापासून सुटून उभे असतात, आणि सगळ्यात वरचा गोंडा बाकीच्यांपेक्षा ठळकपणे मोठा, म्होरक्या असल्यासारखा. अ‍ॅस्पेराचे सगळे साधारण एकाच मापाचे. खवले बघून शंका राहिली तर शेंडा बघायचा, म्हणून फोटो काढताना शेंडा कापू नका!

सहावी पायरी: मोजा

एका गोंड्यात किती नळ्या आहेत ते मोजायचं. पूर्ण उमललेला गोंडा घ्या, भिंग लावा आणि बाहेर आलेल्या टोकांवरून मोजा, एकदोन इकडेतिकडे झाले तर चालतं. पंक्टाटामध्ये चारपाचसहा असतात. स्पायकाटा आणि पिक्नोस्टाकियात पाच ते दहाबारा, म्हणजे या दोघांत फरक करायला मोजणी काही उपयोगाची नाही. अ‍ॅस्पेरात वीस-तीसच्या आसपास. लिग्युलिस्टायलिसमध्ये तीसच्या पुढे, वरच्या मोठ्या गोंड्यात तर सत्तरपर्यंत. तीन वेगवेगळे गोंडे मोजा, एकावर थांबू नका, आणि शेंड्याचा वेगळा लिहा.

पंक्टाटासाठी अजून एक खूण आहे, पान उजेडात धरलं (न तोडता, वाकवून) की त्यावर बारीक ठिपके दिसतात, राळेचे, आणि कडेला पांढरे ताठ केस. याचं मूळ दहा फुटांपेक्षा खोल जाऊ शकतं, म्हणून कोरड्या वर्षी आजूबाजूचं गवत वाळलेलं असताना हा मजेत फुललेला दिसतो.

सातवी पायरी: म्हातारी

सप्टेंबर-ऑक्टोबरात गेलात आणि फुलं संपलेली असली तरी निराश होऊ नका. लहानपणी रुईच्या म्हाताऱ्या फुंकून उडवल्यात ना, तशाच याच्या बियांना पण असतात. त्या म्हातारीचा एक केस भिंगाखाली बघायचा. सिलिंड्रेसिया, स्क्वॅरोसा, पंक्टाटा यांचा केस पिसासारखा, बाजूंना लांब मऊ धागे. स्पायकाटा, पिक्नोस्टाकिया, अ‍ॅस्पेरा, लिग्युलिस्टायलिस, स्कॅरिओसा यांचा केस नुसता खरखरीत, करवतीसारखे बारके दाते. सगळ्या जाती दोन गटांत सरळ विभागल्या जातात. आणि फुलं असताना सुद्धा हे बघता येतं, नळ्यांच्या बुडाशी ते केस असतातच, थोडं नीट बघावं लागतं इतकंच.

अडलं की काय करायचं

अडणार आहेच. या जाती एकमेकांत संकर करतात, आणि बिनधास्त करतात. अ‍ॅस्पेरा यात आघाडीवर, स्पायकाटाबरोबर, सिलिंड्रेसियाबरोबर, लिग्युलिस्टायलिसबरोबर, जो शेजारी फुललेला असेल त्याच्याबरोबर. मग तुम्हाला असं झाड मिळतं की गोंडे सुटे आहेत पण खवले फुगीरही नाहीत आणि नीट सपाटही नाहीत, मोजणी मधेच कुठेतरी. अशा वेळी आधी आजूबाजूच्या पंधरावीस फुटांत दोन्ही संभाव्य ‘आईवडील’ आहेत का बघा. असतील तर संकर असण्याची शक्यता धरा, नसतील तर बहुतेक तुमची नजर चुकतेय, दुसरं झाड घ्या. नवीन असताना संकर शोधू नका, ज्याला त्याला सगळीकडे संकरच दिसायला लागतो, मला एक अख्खा सीझन तो रोग झाला होता. काही कळलं नाही तर नुसतं लायाट्रिस लिहा. चुकीची जात ठोकून लिहिण्यापेक्षा ते शंभर पटीने बरं, कारण चुकीचा रेकॉर्ड नंतर दुसरा कुणीतरी खरा मानून चालतो.

फोटो चार काढा: पूर्ण झाड शेंड्यासकट, एका गोंड्याचा बाजूने क्लोजअप ज्यात खवले फोकसमध्ये आहेत, खोड आणि पानं, आणि पायाखालची जमीन. आयनॅचरलिस्टवर (निसर्गातल्या नोंदी टाकायचं अ‍ॅप) टाकत असाल तर दुसरा फोटो सगळ्यात आधी लावा. मी तिथे इतरांचे फोटो तपासायला बसतो तेव्हा दहातले सातआठ वरून काढलेले, फुलपाखरू मस्त आणि खवले गायब, मग नाव द्यायचं कशावरून.

बागेसाठी विकत घेताना

नर्सरीतलं लेबल म्हणजे वेद नव्हे. मी एकदा लिग्युलिस्टायलिस म्हणून चार रोपं आणली, मोनार्क येणार म्हणून मुलगी रोज खिडकीत, आणि दुसऱ्या वर्षी जुलैतच दाट कणसं आली, खवले कौलांसारखे चिकटलेले. स्पायकाटा निघाला. वाईट काहीच नाही, मधमाश्या खूष, पण पैसे दिले ते दुसऱ्यासाठी. दुकानात ‘कोबोल्ड’ नावाने मिळणारं दोन फुटी झाड म्हणजे स्पायकाटाच, बागेसाठी निवडलेलं, आणि मिनेसोटासारख्या ठिकाणी स्पायकाटा रानातला मूळचा नाहीच तरी सर्रास विकतात. फुललेलं झाड समोर असेल तर पाकीट काढायच्या आधी भिंग काढा. झाड अजून फुलायचं असेल तर पाठीमागच्या कोपऱ्यात मागच्या वर्षीचा वाळका दांडा कुंडीत राहिलाय का बघा, त्यावरचे खवले अजून शाबूत असतात. हिवाळ्यात, बर्फात सुद्धा शाबूत असतात, गोल्डफिंच पक्ष्यांनी बिया खाऊन टाकल्या तरी वाट्या राहतात. त्या चार झाडांचे दांडे मी मार्चपर्यंत कापत नाही. जानेवारीत कुणी नवीन मित्र घरी आला की आधी बॅकयार्डमध्ये नेतो आणि शेजारच्या अ‍ॅस्पेराचा दांडा त्याच्या बाजूला धरायला सांगतो, बोचऱ्या थंडीत शिव्या घालतात, पण फुगीर खवला कुठला ते बरोबर दाखवतात.